काकांच्या गाळ्यात शिकायचं, तर पगार ठरवूनच

घरचा वडापावचा धंदा आहे म्हणून थेट गल्ल्यावर बसू नकोस. पहिले सहा महिने भट्टीपाशी आणि खरेदीत काढ. पहाटे काकांबरोबर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला जा. शीतगृहातला बटाटा गोडसर असतो, सारणही गोडसर लागतं. हे कामातूनच कळतं.

सारणाचा गोळा वजनकाट्यावर कर. ६० ग्रॅमने १५ किलोत २५० वडे होतात. हात सैल पडून ७० झाला की जेमतेम २१४. छत्तीस वडे गेले, आणि गल्ला का कमी भरला ते कुणालाच कळत नाही! तेल १७५ अंशांच्या आसपास ठेव. थंड तेलात वडा तेल पितो, ओलं सारण असेल तर फुटतो.

पगार मात्र पहिल्याच दिवशी ठरव, महिन्याला खात्यात घे. घरात हे बोलायला अवघड जातं, पण पुढे बँकेत कर्ज मागताना हीच नोंद कामी येते. पुढे स्वतःच्या गाळ्याचा हिशेब काढताना काकांचा गाळा मालकीचा आहे, त्यांना भाडं पडत नाही, हे विसरू नकोस. तुझ्या हिशेबात भाडं धर, मगच वड्याचा भाव लाव.