इंजिन परत बसवल्यावर व्हॅक्यूमचे पाइप कुठले कुठे लावायचे?

गाडी 1974 ची कॉर्व्हेट, 350 चं व्ही-8, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन दुरुस्त होऊन परत बसलं आहे, पण पाइप काढताना खुणा केल्या नव्हत्या आणि आता दहा-बारा काळे रबरी पाइप नुसते लोंबताहेत, असा तुमचा प्रश्न आहे.

पाइपांकडे बघू नका, निपलांकडे, म्हणजे पाइप जिथे बसतो त्या छोट्या तोंडांकडे बघा. इतक्या वर्षांत पाइप दोन-तीनदा बदललेले असणार, त्यामुळे त्यांच्या लांबीवरून किंवा वळणावरून काढलेला अंदाज हमखास चुकतो. निपल मात्र आहे तिथेच असतं. थ्रॉटलच्या पात्याखाली उघडणाऱ्या निपलाला आयडलिंगला पूर्ण ओढ असते, हे मॅनिफोल्ड व्हॅक्यूम. पात्याच्या जरासं वर उघडणाऱ्याला आयडलिंगला काहीच ओढ नसते, अॅक्सिलरेटर दिला की ती येते, हे पोर्टेड. ज्याला कधीच ओढ लागत नाही ते वाफेचं किंवा नुसत्या हवेचं. बॉनेटखाली पाइपांच्या आकृतीचं स्टिकर शिल्लक असेल तर सोन्याहून पिवळं, पण गाडीला तेच मूळ इंजिन आणि कार्ब्युरेटर असेल तरच त्यावर विसंबा.

आता सगळी व्हॅक्यूमची निपलं रबरी टोप्यांनी बंद करा. फ्लोट चेंबरच्या वाफेचा पाइप कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे जात असेल तर तो मात्र बंद करू नका. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलके करणाऱ्या डब्याचा) पाइपही सुटा असल्यामुळे गाडी पार्कमध्ये, चाकांना अडण्या लावून जागेवरच ठेवा. इंजिन चालू करून गरम होऊ द्या आणि मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. मूळ कॅमशाफ्ट असलेल्या धडधाकट इंजिनाचा काटा साधारण 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. सगळं बंद असतानाही काटा 12-13 वर अडकला असेल तर पाइपांचा काही दोष नाही. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे आहे का ते बघा, नाहीतर कार्ब्युरेटरच्या बुडाची किंवा इन्टेक मॅनिफोल्डची गास्केट हवा खातेय. एवढ्यासाठीच आधी टोप्या लावायच्या, नाहीतर दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि दिवस वाया जातो.

यापुढे एकेक टोपी काढून बोटाने किंवा गेजने ओढ बघा, निपलावर खडूने खूण करा आणि जोडत चला. प्रत्येक जोडणीनंतर इंजिनाचा आवाज बदलला का, ते ऐका.

सर्वांत जाड पाइप ब्रेक बूस्टरचा, तो मॅनिफोल्डवरून येतो. त्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसला की ब्रेक दगडासारखे होतात. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा पार गेली पाहिजे, मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे. जोडल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं की काम झालं.

कार्ब्युरेटरच्या पुढच्या बाजूला बुडाशी असलेलं जाड निपल पीसीव्हीचं, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हचं. व्हॉल्व्ह हातात घेऊन हलवला की खुळखुळला पाहिजे. इथे हीटरचा पाइप लावू नका, ऑइलच्या वाफेने तो फुगून मऊ होतो आणि ओढीने चपटा बसतो.

गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरला (गिअर बदलण्याची वेळ साधणाऱ्या डबीला) मॅनिफोल्ड व्हॅक्यूमच लागतं. तो सुटा राहिला तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. हा पाइप आतून लाल तेलाने ओला दिसला तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, मग उगाच हेड गास्केटवर संशय जातो.

डिस्ट्रिब्युटर आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. ईजीआरला पोर्टेडच द्या. मॅनिफोल्ड दिलं तर आयडलिंगलाच जळका धूर आत येऊन इंजिन धडपडतं आणि बंद पडतं. डिस्ट्रिब्युटरच्या पाइपात थर्मल स्विच असेल तर त्यातून जाणारा मूळ मार्ग तसाच ठेवा. डिस्ट्रिब्युटरवरची व्हॅक्यूमची डबी तपासायला तिचा पाइप तोंडाने ओढून जिभेने बंद करा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर पडदा गेला.

हेडलाइटचं प्रकरण या गाडीचं खास. दिवे व्हॅक्यूमवर उघडतात, त्याची टाकी पुढे असते आणि तिच्या वाटेवर आणखी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. प्रत्येक दिव्याच्या डबीला दोन नळ्या, एक उघडायला, एक मिटायला. त्यांची अदलाबदल झाली तर स्विच बंद केल्यावर दिवे वर येतात. एक दिवा चटकन आणि दुसरा आळोखेपिळोखे देत उठत असेल तर त्या डबीचं सील किंवा रिले गळतोय.

सगळं लावून झाल्यावरही आयडलिंग वर-खाली होत असेल तर एकेक पाइप पक्कडीने, मध्ये फडकं घेऊन, चिमटा. ज्या पाइपाला चिमटल्यावर इंजिन शांत होतं, गळती त्याच फांदीवर आहे. गरम एक्झॉस्टच्या आसपास कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते, पण तो भडकतो. धुराची चाचणी बरी.

टायमिंग लावताना डिस्ट्रिब्युटरचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. मिक्श्चरचे स्क्रू शेवटी, गळती संपल्यावर फिरवा. आधी फिरवले तर गळतीच्या जादा हवेला पुरेल इतकं पेट्रोल तुम्ही वाढवून ठेवता, आणि गळती बंद होताच प्लग काळे पडतात.