मात्रा, मात्रे आणि गुळगी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सासूबाईंना गुडघेदुखीसाठी दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि नर्सबाईंनी कानडीत सांगितलं, "दिनक्के एरडु मात्रे." कोल्हापूरचा भाचा औषधांच्या दुकानात काम करतो. त्याने फोनवर विचारलं, "मात्रा किती सांगितलीय?" सासूबाई म्हणाल्या, "दोन मात्रा सांगितल्यात की." "म्हणजे दोन वेळा. आणि एका वेळी किती गोळ्या?" यावर घरात कुणालाच काही सांगता येईना. ताई विचारतात, मात्रा म्हणजे गोळी की डोस? आणि कानडीतला 'मात्रे' हा आपलाच शब्द का?

शब्द एकच आहे, संस्कृतातून दोन्ही भाषांनी घेतलेला. अर्थ मात्र वेगळे झाले. कानडीत मात्रे म्हणजे गोळी, मोजायची वस्तू. मराठीत मात्रा म्हणजे एका वेळी द्यायचं औषधाचं माप. नर्सबाई म्हणाल्या ते 'दिवसाला दोन गोळ्या' एवढंच. भाच्याने ऐकलं ते 'दिवसाला दोन डोस'. दोघांचंही आपापल्या भाषेत बरोबर आहे.

घोटाळा वाढतो तो व्याकरणामुळे. संस्कृतातले आकारान्त स्त्रीलिंगी शब्द कानडीत एकारान्त होतात: शाला–शाले, भाषा–भाषे, सभा–सभे, तसंच मात्रा–मात्रे. म्हणजे 'मात्रे' हे एकवचन आहे. मराठी कानाला ते अनेकवचन वाटतं, कुत्रे–आंबे यांच्या चालीवर. त्यात कानडीत संख्या पुढे असली की वस्तूचं नाव बहुधा एकवचनीच राहतं, ओंदु मात्रे, एरडु मात्रे, त्यामुळे शब्दाच्या रूपावरून काहीच उमगत नाही. शिवाय 'ओंदु मात्र' म्हटलं की 'फक्त एक', आणि 'ओंदु मात्रे' म्हटलं की 'एक गोळी'. गर्दीच्या दवाखान्यात शेवटचा स्वर कितीसा ऐकू येतो?

आपल्या बेळगाव भागातली कानडी माणसं घरात सहसा 'गुळगी' म्हणतात. 'मात्रे' हा शब्द जास्त करून फलकावरचा, छापील कागदावरचा, किंवा दक्षिण कर्नाटकातून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडचा. गुळगी म्हटलं असतं तर सासूबाईंना गोळी लगेच कळली असती.

आता मूळ धातूकडे. 'मा' म्हणजे मापणे. माप, प्रमाण, परिमाण, अनुमान हे सगळे त्याच कुळातले. ग्रीक 'मेट्रॉन' आणि त्यावरून आलेला आपला रोजचा 'मीटर' हाही दूरचा नातेवाईक. छंदात मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचं माप. अशा मापाच्या शब्दाची कानडीत गोळी कशी झाली, याचं नवल वाटायला नको, कारण मराठीतही तो निम्मी वाट चालून गेलेला आहे. हेमगर्भाची मात्रा आठवा. अत्यवस्थ माणसाला वैद्य ती मधात उगाळून चाटवत. तिथे मात्रा म्हणजे माप नव्हे, ते औषधच. थोड्या मापाने द्यायची वस्तू, म्हणून मापाचंच नाव वस्तूला चिकटलं. कानडी त्याच वाटेने एक पाऊल पुढे गेली.

माझ्या आजीची सहाण अजून घरात आहे. बाळगुटी उगाळताना ती वेढे मोजायची. हळकुंडाचे चार, वेखंडाचे दोन, जायफळाचा एकच, कारण जायफळ जास्त झालं तर पोर सुस्तावतं. जायफळाचं फळ तेवढंच राहायचं, बाळाच्या पोटात किती गेलं ते वेढ्यांवर ठरायचं. मात्रा हा शब्द मला नीट कळला तो त्या सहाणेवर. आज गोळी कारखान्यातून मापून येते, म्हणून आपण मोजतो आणि मापणं विसरतो. पण 'एक गोळी' हे माप नाहीच. पॅरासिटामॉलची साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची, थायरॉइडची गोळी पुष्कळदा ५० मायक्रोग्रॅमची. आकारात फरक थोडासा, आतल्या औषधात दहा हजार पटींचा. लहान मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपमध्येही ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम असे दोन प्रकार मिळतात. 'एक चमचा द्या' म्हटलं तर कुठल्या बाटलीतला? मुलाची मात्रा वजनावरून ठरते, दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम.

'डोस' हा शब्दही पाहण्यासारखा. ग्रीक 'डोसिस' म्हणजे देणं, आणि तो आपल्या 'दा' धातूचा, म्हणजे दानाचा, भाऊबंद. डोस म्हणजे जे दिलं ते, मात्रा म्हणजे जेवढं दिलं तेवढं. मला मात्रा हा शब्द जास्त नेमका वाटतो, पण दवाखान्यात मी डोसच म्हणतो. तो मराठी आणि कानडी दोघांनाही एकाच अर्थाने कळतो.

ताईंनी स्ट्रिपवरचं नाव कळवलं आहे, पॅरासिटामॉल ५००. दिवसाला दोन गोळ्या एकदम घेणं आणि सकाळ-संध्याकाळ एकेक घेणं यात फरक काय, हे त्यावरूनच सांगतो. पोटात गेलेली गोळी विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते, पण आधी यकृतातून जाते. यकृत औषध मोडायला लागतं. पॅरासिटामॉलचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन ते तीन तासांत निम्मं होतं. पाचशेचं अडीचशे, मग सव्वाशे. याला अर्धायुष्य म्हणतात. म्हणून वेदनेवर तिचा अंमल चार ते सहा तास टिकतो. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य ३० ते ५० तासांचं, म्हणून ती दिवसातून एकदाच. मात्रा म्हटलं की 'किती' याच्याबरोबर 'किती वेळाने' हेही आलं. गोळ्या मोजून ते कळत नाही.

पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या एकदम गेल्या तरी धडधाकट प्रौढाला घाबरण्याचं कारण नाही. पण २४ तासांत ४००० मिलिग्रॅमची हद्द ओलांडायची नसते, आणि म्हातारपणी, वजन कमी असेल किंवा यकृत नाजूक असेल तर डॉक्टर त्याहूनही कमी सांगतात. कारण असं, की या औषधाचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तो विषारी पदार्थ यकृताच्या पेशींवरच उठतो. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, हे सासूबाईंना आवर्जून सांगा.

जाता जाता आणखी एक. आपण म्हणतो, 'मात्रा लागू पडली'. लागू हा शब्द 'लागणे'वरून, म्हणजे चिकटणे, भिडणे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच मांडलं होतं, की पदार्थ कुठेतरी चिकटल्याशिवाय काम करत नाही. पुष्कळ औषधं पेशीवरच्या ठरावीक जागांना भिडतात तेव्हाच त्यांचा गुण येतो. आम्लपित्तावरची अँटासिड तशी भिडत नाहीत, ती पोटातल्या आम्लालाच मारतात. तरी बोलताना तिथेही आपण 'लागू पडली'च म्हणतो, आणि ते मला चुकीचं वाटत नाही.

तर ताई, मराठीत गोळीला मात्रा म्हणू नका, गोळीच म्हणा. आणि पुढच्या वेळी नर्सबाईंना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: "ओंदु सलक्के एष्टु मात्रे?" म्हणजे एका वेळी किती गोळ्या, आणि "दिनक्के एष्टु सल?" म्हणजे दिवसातून किती वेळा. ही दोन उत्तरं आणि स्ट्रिपवरचा मिलिग्रॅमचा आकडा भाच्याला कळवलात की तो मात्रा सांगेल.