वाचकांचे प्रश्न: एकाच गोष्टीची दोन मुखपृष्ठे आणि दोन किमती

देवगडहून एका वाचकांनी विचारले आहे: ‘माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. गणपतीला घरी आला तेव्हा त्याने अमेरिकेहून मागवलेले स्पायडर-मॅनचे एक कॉमिक दाखवले. त्यावर चार डॉलर किंमत छापलेली आहे आणि त्याने त्यासाठी अठरा हजार रुपये मोजले. तीच गोष्ट, तीच पाने साध्या मुखपृष्ठासह काहीशे रुपयांत मिळतात, असे तो स्वतःच सांगतो. केवळ वरचे चित्र निराळे म्हणून एवढी किंमत कशी होते? मुलाला कोणी फसवले तर नाही ना?’

आपल्या पत्रातील तपशिलावरून मुलाची फसवणूक झाली असे दिसत नाही. त्याने घेतले आहे ते ‘व्हेरिअंट कव्हर’, म्हणजे त्याच अंकाच्या थोड्या प्रतींवर छापलेले पर्यायी मुखपृष्ठ. त्याने मोजलेले पैसे गोष्टीचे नाहीत, हे आपण ओळखलेच आहे. परंतु ते सर्वस्वी चित्राचेही नाहीत. त्या विशिष्ट महिन्यात अमेरिकेतील कॉमिक विकणाऱ्या दुकानदारांनी त्या अंकाच्या किती प्रती मागवण्याचे धाडस केले, या जुन्या हिशेबाची ती किंमत आहे.

हा हिशेब समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी अमेरिकेत कॉमिक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकले जात आणि न खपलेले अंक परत करता येत. 1970च्या दशकात केवळ कॉमिक विकणारी दुकाने वाढली आणि त्यांच्यासाठी निराळी व्यवस्था उभी राहिली: दुकानदाराला अधिक सूट मिळे, परंतु एकदा घेतलेला अंक परत करता येत नसे. त्यामुळे न खपलेल्या मालाचा सगळा भार प्रकाशकाच्या डोक्यावरून उतरून दुकानदाराच्या डोक्यावर आला. दुकानदार साहजिकच हात आखडून मागणी नोंदवू लागला, आणि त्याने चार प्रती जास्त घ्याव्यात यासाठी प्रकाशकांनी जी आमिषे शोधली, त्यांतले सर्वांत टिकाऊ आमिष म्हणजे प्रमाणात मिळणारे व्हेरिअंट. 1:25 असे लिहिलेले असेल, तर साध्या मुखपृष्ठाच्या पंचवीस प्रती मागवणाऱ्या दुकानदाराला त्या खास मुखपृष्ठाची एक प्रत मागवण्याचा हक्क मिळतो. 1:50, 1:100 अशी प्रमाणे नेहमीची आहेत आणि 1:1000पर्यंतही मजल गेलेली आहे.

आता एका लहान गावातील दुकानदार डोळ्यांसमोर आणा. चार डॉलरचा अंक त्याला घाऊक दरात साधारण निम्म्या किमतीला पडतो. 1:100चे मुखपृष्ठ हवे असेल, तर त्याने शंभर साध्या प्रतींचे सुमारे दोनशे डॉलर आधी मोजायचे. त्याच्याकडे त्या अंकाचे तीसच गिऱ्हाईक असले, तर सत्तर प्रती, म्हणजे एकशे चाळीस डॉलर, फळीवर पडून राहणार. ते पैसे त्याला त्या एका खास प्रतीतून वसूल करायचे असतात. ती प्रत तो एकशे चाळीस डॉलरला, म्हणजे बारा हजार रुपयांहून अधिक किमतीला विकतो, तेव्हा आपल्याला ती लूट वाटते. प्रत्यक्षात तेवढ्याने त्याचे अडकलेले पैसे जेमतेम सुटतात. प्रमाण जितके मोठे, तितकी पहिल्याच दिवसाची किंमत मोठी का असते, याचे उत्तर एवढेच आहे. त्या दिवशी अंकाची कीर्ती, चित्रकाराचे नाव, कथेतील वळण यांचा प्रभाव अजून पुरता पडलेलाही नसतो.

यात एक बारकावा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चोवीस प्रती घेणाऱ्या दुकानाला 1:25चे एकही मुखपृष्ठ मिळत नाही. म्हणून एक लाख साध्या प्रतींची मागणी आली, तर खास प्रती चार हजार निघतील असे गणित मांडणे चुकीचे आहे. लहान दुकानांच्या मागण्या उंबरठ्याच्या अलीकडेच थांबतात आणि खरी संख्या त्याहून बरीच कमी राहू शकते. उलट वाहतुकीतील नुकसानीसाठी प्रकाशक काही प्रती जादा छापून ठेवतो. कोणत्या मुखपृष्ठाच्या नेमक्या किती प्रती निघाल्या हे प्रकाशक सहसा जाहीर करत नाहीत, आणि या अनिश्चिततेमुळेही किमतीला टेकू मिळतो.

2011 सालच्या ऑगस्ट महिन्यातील ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा 667वा अंक हे याचे गाजलेले उदाहरण आहे. त्याचे 1:100चे मुखपृष्ठ इटालियन चित्रकार गॅब्रिएले डेल'ओट्टो यांनी रंगवले होते. एकाच अंकाच्या शंभर प्रती घेण्याइतकी उमेद फार थोड्या दुकानांनी दाखवली, आणि आज त्या मुखपृष्ठाच्या काहीशेच प्रती अस्तित्वात असाव्यात असा संग्राहकांचा अंदाज आहे. चांगल्या स्थितीतील प्रतीला हजारो डॉलर मिळतात. या अंकात कोणत्याही मोठ्या नव्या पात्राचा प्रवेश नाही, म्हणून हे उदाहरण मला विशेष बोलके वाटते: येथे निव्वळ दुर्मिळता आणि चित्राची ओढ एवढ्याच दोन गोष्टी काम करत आहेत.

याच्या जोडीला तिसरी गोष्ट आली की काय होते, ते 2014 सालच्या ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’च्या दुसऱ्या अंकात दिसते. मूळ कथांत स्पायडर-मॅनची प्रेयसी असलेली ग्वेन स्टेसी येथे स्वतःच कोळ्याची शक्ती मिळवते; तिचे हे रूप या अंकात प्रथम आले. अंक निघाला तेव्हा ती एवढी लोकप्रिय होईल असे दुकानदारांना वाटले नव्हते, म्हणून त्यांची मागणी बेताची होती, आणि ग्रेग लँड यांचे 1:25चे मुखपृष्ठ त्या बेताच्या मागणीच्या प्रमाणात थोडेच निघाले. पुढे तिची स्वतंत्र मालिका आली, 2018 साली ती पडद्यावर आली, आणि तिचे पहिले दर्शन हवे असणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. मागणीची नोंद मात्र अंक निघण्यापूर्वीच मिटलेली होती. आपण देवगडचे आहात, तेव्हा वाशीच्या बाजारातली आंब्याची मुहूर्ताची पेटी आपल्याला सांगायला नको. तिचा भाव चढा असतो, परंतु आवक वाढू लागली की तो उतरतो आणि एप्रिलमध्ये कोणी त्या भावाची आठवणही काढत नाही. व्हेरिअंटच्या बाबतीत आवक वाढण्याचा एप्रिल येतच नाही. गोष्टीची दुसरी छपाई निघते, पुस्तकरूप आवृत्ती निघते, तथापि ते पहिल्या छपाईचे खास मुखपृष्ठ पुन्हा निघत नाही.

येथे मला आपल्याकडील दिवाळी अंकांची आठवण येते. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ असलेला अंक आतला मजकूर वाचून झाल्यावरही रद्दीत न देता जपून ठेवणारी घरे कोकणात होती आणि आजही आहेत. मुखपृष्ठासाठी अंक राखणे ही परकीय खूळ म्हणून बाजूला सारण्यासारखी गोष्ट नव्हे. आपल्या मुलाला ते चित्र मनापासून आवडले असेल, तर त्या आनंदाचाही या अठरा हजारांत वाटा आहे आणि तो वाटा मी कमी लेखणार नाही.

मात्र पर्यायी मुखपृष्ठ म्हणजे संपत्ती, असा समज त्याने करून घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. 1991 साली ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला. पाचही हवीत म्हणून लोकांनी एकेकाने अनेक प्रती घेतल्या आणि ऐंशी लाखांहून अधिक प्रतींची मागणी नोंदली गेली. तो विक्रम गिनेसच्या नोंदीत आहे. आज तो अंक सहज आणि स्वस्तात मिळतो, कारण प्रत्येकाने तो जपून ठेवला. उलट सुपरमॅन प्रथम आलेल्या ज्या 1938 सालच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाला 2024च्या एप्रिलमध्ये लिलावात साठ लाख डॉलर मिळाले, तो दहा सेंटचा अंक मुलांनी वाचून फाडला, फेकला आणि युद्धकाळात रद्दीत घातला म्हणून दुर्मिळ झाला. 1990च्या दशकाच्या आरंभी गुंतवणूक म्हणून पेट्याच्या पेट्या घेणाऱ्यांचा फुगा थोड्याच वर्षांत फुटला, असंख्य दुकाने बंद झाली आणि 1996च्या डिसेंबरात स्पायडर-मॅनची प्रकाशक असलेल्या मार्व्हल कंपनीलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. अलीकडेही, 2015 सालच्या ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकाला साठांहून अधिक मुखपृष्ठे होती. एकाच अंकाला इतकी रूपे आली की त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला हवीहवीशी वाटण्याचे भाग्य येत नाही. दुर्मिळता कारखान्यात घडवता येते. ती वस्तू कोणालातरी मनापासून हवी असणे मात्र घडवता येत नाही. विकत घेण्यापूर्वी मुलाने केवळ विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती न पाहता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहिल्या होत्या का, एवढे त्याला अवश्य विचारा.

चिपळूणहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी लिहितो: ‘माझ्याकडे दोन व्हेरिअंट आहेत, असे विक्रेत्याने सांगितले. ते खरे आहे का हे कसे ओळखावे? आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ते कसे सांभाळावेत?’

ओळखण्याचा पहिला मार्ग मुखपृष्ठावरच आहे. अलीकडच्या अमेरिकन अंकांवर बारकोडच्या मोठ्या भागाशेजारी पाच आकड्यांचा एक लहान भाग असतो. त्यातील पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक सांगतात, चौथा मुखपृष्ठाचा आणि पाचवा छपाईचा. 00111 म्हणजे पहिल्या अंकाचे नेहमीचे मुखपृष्ठ, पहिली छपाई. 00121 म्हणजे त्याच अंकाचे दुसरे मुखपृष्ठ, पहिली छपाई. शेवटी 2 असेल तर ती दुसरी छपाई आहे, आणि विक्रेत्याने पहिल्या छपाईचा भाव लावला असेल तर तेथेच थांबावे. चौथ्या आकड्यावरून मुखपृष्ठ निराळे आहे एवढेच कळते. ते सर्वांना मोकळेपणाने मिळणारे होते की 1:50चे, हे त्या महिन्याच्या वितरकाच्या यादीशी ताडून पाहावे लागते.

सांभाळण्याच्या प्रश्नावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या किनारपट्टीवर किंमत खरी येथेच बुडते. या संग्राहकांच्या जगात स्थितीला दहापैकी गुण दिले जातात. अमेरिकेतील सीजीसी ही संस्था 2000 सालापासून अंक तपासून, गुण देऊन, कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देते. आधुनिक व्हेरिअंटसाठी 9.8 ही बाजाराची अपेक्षा असते आणि 9.4 किंवा 9.2वर किंमत पुष्कळ खाली येते. हा फरक घडवणारी गोष्ट म्हणजे पिनांजवळच्या कण्यावर पडलेली केसाएवढी पांढरी चीर किंवा किंचित दबलेला कोपरा. काळ्या पार्श्वभूमीच्या मुखपृष्ठांवर ती चीर ठळक दिसते, म्हणून निर्दोष काळी मुखपृष्ठे आणखी दुर्मिळ ठरतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील ओल कागदाला मानवणाऱ्या पातळीच्या जवळजवळ दुप्पट असते. आजच्या कॉमिकचा गुळगुळीत लेप दिलेला कागद अशा हवेत लाटांसारखा वाकतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि पिना गंजून त्यांचा तांबूस डाग मधल्या पानावर उतरतो. म्हणून प्रत्येक अंक पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशवीत, पाठीमागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, खोक्यात उभा आणि आधार देऊन ठेवावा. खोके जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. पावसाळ्यात ती भिंत पाणी ओढते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वरचेवर बदलाव्यात, कारण एकदा भरलेली पुडी काहीच काम करत नाही. डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नयेत; त्यांची वाफ प्लास्टिकला बाधते आणि वास कागदातून जात नाही. कसर आणि झुरळे यांच्यासाठी खोली कोरडी आणि झाडलेली ठेवणे हाच चांगला उपाय आहे. आपण चिपळूणचे आहात आणि 22 जुलै 2021च्या पुरात घराघरांतील पुस्तकांचे काय झाले ते आपण पाहिले असेल, तेव्हा खोके तळमजल्यावर ठेवू नका, एवढे वेगळे लिहिण्याची गरज नसली तरी लिहितो.

रत्नागिरीच्या एका निवृत्त शिक्षिकांचा प्रश्न थोडक्यात असा: ‘माहेरच्या ट्रंकेत वेताळाचे (फँटमचे) जुने इंद्रजाल कॉमिक्स सापडले. काही मराठी आहेत, काही इंग्रजी. यांनाही व्हेरिअंट म्हणावे का?’

नाही. इंद्रजाल कॉमिक्स 1964च्या मार्चपासून 1990पर्यंत निघाले आणि त्यांच्या भाषावार आवृत्त्या निरनिराळ्या वाचकांसाठी होत्या. एकाच वाचकाने दोन्ही घ्याव्यात असा त्यामागे हेतू नव्हता. त्यांची दुर्मिळता ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या जातीची आहे, म्हणजे वाचून, हाताळून, शेजारी देऊन संपत गेल्यामुळे आलेली. सुरुवातीच्या बत्तीस अंकांत केवळ वेताळच होता, तेव्हा त्यांतले काही आपल्याकडे आहेत का ते क्रमांकावरून पाहावे. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका, पानांवर नाव लिहिलेले असेल तर खोडू नका, आणि अंक लोखंडी ट्रंकेतून आजच बाहेर काढा.