स्तनपान घेणाऱ्या बाळाला चोखणी (पॅसिफायर) केव्हा आणि कशी द्यावी?

बाळ स्तन व्यवस्थित पकडून पीत आहे आणि त्याचे वजन नियमित वाढत आहे याची खात्री झाल्यावर, म्हणजे साधारणपणे ३ ते ४ आठवड्यांनी, चोखणी द्यावी. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ ही अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही स्तनपान नीट सुरू होईपर्यंत थांबायला सांगते, कारण आईचे दूध बाळाच्या पिण्यावरच वाढते, आणि पहिल्या दिवसांत भुकेने तोंड हलवणाऱ्या बाळाला चोखणी दिली, तर एखादे पाजणे सहज चुकते. म्हणून पोटभर पाजून झाल्यावर, झोपवताना ती द्यावी. बाळाने नाकारल्यास बळजबरी करू नये आणि झोपेत तोंडातून पडल्यास पुन्हा घालू नये. चोखणी एकसंध असावी, पहिल्या वापरापूर्वी उकळून घ्यावी, दोरीने गळ्यात बांधू नये आणि (आपल्याकडे मध चाटवण्याची प्रथा असल्याने मुद्दाम लिहितो) मधात मुळीच बुडवू नये, कारण १ वर्षाखालील बाळाला मधामुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळ पूर्णपणे बाटलीनेच दूध पीत असेल, तर मात्र इतके आठवडे थांबण्याचे कारण उरत नाही.