सॅम्पल आणलंय, पण कसलं? कुत्र्या-मांजरांच्या लघवीवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पाळीव जनावरांच्या किडनीवर लिहिलं आणि तेव्हापासून लघवीच्या रिपोर्टचे फोटो यायलेत ते थांबायला तयार नाहीत. काही फोटो तर एवढे तिरके की नुसता लॅबवाल्याचा शिक्का दिसतोय. बरेच जण तेच तेच विचारतायत, म्हणून त्यातले निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न : आमची लॅब्राडोर नऊ वर्षाची आहे, ऑपरेशन केलेलं नाही. महिनाभर झालं सारखं पाणी प्यायलीय, रात्री उठवायलीय. डॉक्टर म्हणाले सकाळची लघवी आणा. मी डबी धरली की ही बसतच नाही, उठून माझ्याकडं बघत राहते. आणि इथनं बेळगावला एस.टी.नं पोचेपर्यंत सॅम्पल खराब होत नाही का? (जांबोटी, ता. खानापूर)

ताई, डबी घेऊन तिच्या तोंडासमोर जाऊ नका, मागनं जावा आणि लांब दांड्याची पळी घ्या. गळ्यात पट्टा घालून नेहमीच्या जागी फिरवायचं, ती बसली आणि धार सुरू झाली की मग हळूच पळी सरकवायची, पहिली धार सोडून द्यायची. पळी आधी गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलेली पाहिजे, साबण राहता कामा नये. मग मेडिकलमध्ये मिळते त्या युरिनच्या नव्या डबीत ओतायचं, 5-10 मिली बास झालं. लोणच्याची, जामची, सिरपची बाटली कितीही धुतली तरी नको, मागं एकदा शुगर प्लस आली म्हणून घरचे हादरले होते आणि शुगर होती बाटलीतल्या सिरपची! ब्लीचिंगनं धुतलेल्या फरशीवरनं सिरिंजनं ओढलेलं पण नको, त्यानं स्ट्रिपवर (लघवीत बुडवायची रंगीत चौकोनांची पट्टी) रक्त नसताना रक्त दिसतं.

वेळेचं म्हणाल तर तासाभरात तपासलं तर उत्तम, तेवढ्यात जमणार नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात (फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात) आणि येताना बर्फाच्या पिशवीसोबत, म्हणजे काही तास चालतं. डबीवर वेळ लिहा. आणि रात्री पाणी बंद करून लघवी घट्ट करायचा उद्योग करू नका, पाणी भरपूर पिणाऱ्या जनावरात ते धोक्याचं असतं.

अजून एक, हे महत्त्वाचं. ही माजावर येऊन गेली कधी ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. ऑपरेशन न झालेल्या वयस्क मादीत माजानंतर महिना-दोन महिन्यात गर्भाशयात पू होतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात, त्यात पण असंच ढसाढसा पाणी पितात. म्हणून अशा मादीची लघवी पोटातनं सुईनं काढायच्या आधी सोनोग्राफी झालेली बरी, नाहीतर सुई मूत्राशयाऐवजी गर्भाशयात जायची.

प्रश्न : आमच्या 11 वर्षाच्या पॉमेरियनची लघवी इथल्या माणसांच्या लॅबमध्ये दिली. एस.जी. 1.010, प्रोटीन ट्रेस, शुगर नील, पस सेल 2-3. लॅबवाला म्हणतोय सगळं नॉर्मल. पण कुत्रं वाळायलंय की हो. (निपाणी)

दादा, लॅबवाल्याचं चुकलेलं नाही, त्याच्या कागदावर छापलेली रेंज माणसाची आहे आणि 1.010 तीत आरामात बसतं. पण कुत्र्याचा डॉक्टर सगळ्यात आधी त्याच आकड्यावर बोट ठेवणार.

एस.जी. म्हणजे लघवी पाण्याच्या मानानं किती घट्ट आहे. 1.008 ते 1.012 म्हणजे किडनीनं रक्तातनं गाळलेलं पाणी घट्ट पण केलं नाही आणि पातळ पण केलं नाही, जसं आलं तसं सोडून दिलं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना धडधाकट कुत्र्याची लघवी 1.030 च्या वर आणि मांजराची 1.035 च्या वर जायला पाहिजे. किडनीचा साधारण दोन तृतीयांश भाग गेला की घट्ट करायची ताकद जाते, रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) मात्र तीन चतुर्थांश गेल्यावर वर चढतं, म्हणजे लघवी आधी बोलते. पण एका सॅम्पलवरनं किडनी गेली म्हणून रडत बसू नका, त्या दिवशी पाणी जास्त प्यालं असेल, सलाईन लावलेलं असेल, स्टिरॉइडची गोळी चालू असेल तरी आकडा खाली येतो. सकाळचं सॅम्पल परत द्या, सोबत रक्त, आणि बीपी बघता आलं तर बघा.

आता तो आकडा त्यांनी काढला कशावर ते विचारा. स्ट्रिपवर एस.जी.चा एक रंगीत चौकोन असतो, तो कुत्र्या-मांजरात भरवशाचा नाही. त्याला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, छोट्या दुर्बिणीसारखी नळी असते, काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण पाडायचं, उजेडाकडं धरून बघायचं, निळं आणि पांढरं जिथं भेटतं ती रेघ वाचायची. एवढंच काम, पण बऱ्याच ठिकाणी तेवढं पण करत नाहीत याचा मला राग आहे. त्याच स्ट्रिपवरचे पांढऱ्या पेशींचा आणि नायट्राइटचा (जंतूंचा अंदाज देणारा) हे दोन चौकोन पण सोडून द्या, पेशींचा चौकोन मांजरात पांढऱ्या पेशी नसताना दाखवतो, कुत्र्यात असताना दाखवत नाही. पेशी मायक्रोस्कोपखालीच मोजायच्या. पस सेल म्हणजे ह्याच पांढऱ्या पेशी, तुमचे 2-3 ठीक आहेत, पाचापर्यंत चालतात.

आणि तो 'ट्रेस', म्हणजे अगदी किंचित, प्रोटीन. 1.045 च्या घट्ट लघवीत ट्रेस असेल तर मी दुर्लक्ष करतो, 1.010 च्या पाण्यासारख्या लघवीत तोच ट्रेस असेल तर करत नाही. यूपीसी नावाची टेस्ट सांगा, प्रोटीन आणि क्रिएटिनीनचं प्रमाण, कुत्र्यात 0.5 च्या वर आणि मांजरात 0.4 च्या वर परत परत आलं, आणि लघवीत इन्फेक्शन नाही, तर मग किडनी प्रोटीन गळवायलीय असं समजायचं. जाता जाता, बिलीरुबिन (काविळीत वाढतो तो पिवळा रंग) : कुत्र्याच्या घट्ट लघवीत थोडं असलं तर चालतं, नरात तर हमखास, पण मांजराच्या लघवीत थोडं जरी दिसलं तरी लिव्हर नाहीतर रक्त तपासायचं.

प्रश्न : आमचा बोका कालपासनं ट्रेमध्ये जाऊन कुंथायलाय, दोन थेंब पडतात, मधेच ओरडतोय. संडास होत नसेल म्हणून सासूबाईंनी एरंडेल दिलं. लघवीचं सॅम्पल कसं घेऊ? (शहापूर, बेळगाव)

वहिनी, तुमचा मेसेज आला तेव्हाच फोन केला होता, इतरांसाठी छापतोय. सॅम्पल राहू दे, बोक्याला उचला आणि दवाखाना गाठा, रात्र असली तरी. बोक्याची लघवीची नळी टोकाला अगदी बारीक असते, तिथं खडे नाहीतर चिकट बूच अडकलं की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं, दोन दिवसात खेळ खलास. पोट दाबून काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटतं.

ज्यांच्या मांजराला लघवी नीट होतेय त्यांनी ट्रेमधली माती काढून, ट्रे धुऊन वाळवून, फिशटँकमधले धुतलेले गुळगुळीत खडे टाकावेत, ते पाणी शोषत नाहीत, मग सिरिंजनं ओढून घ्यायचं. तरुण मांजराच्या लघवीत रक्त आलं की लगेच अँटिबायोटिक मागू नका, त्यांच्यात जंतू क्वचितच सापडतात, बहुतेक वेळा ताणानं मूत्राशय सुजलेलं असतं : घरात पाहुणे, नवीन मांजर, असलं काहीतरी.

प्रश्न : आमचं मुधोळ कुत्रं आहे, शेतावरच असतंय. परवापासनं लघवी कॉफीसारखी, जेवत नाही, ताप आहे. गोचीड भरपूर झालेत. लघवीत रक्त म्हणजे मुतखडा काय? (ता. हुक्केरी)

काका, मुतखड्यात ताप आणि जेवण बंद सहसा येत नाही, मला गोचीडतापाचा संशय जास्त आहे. दवाखान्यात ही लघवी सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये पाच मिनिटं फिरवतात, ते आपल्या डोळ्यांनी बघा. तळाशी लाल गोळा आणि वरचं पाणी पिवळं, म्हणजे रक्ताच्या पेशी आहेत, जखम, खडा, इन्फेक्शन. फिरवून पण वरचं पाणी लाल-कॉफीच राहिलं तर पेशी अंगातच फुटल्यात आणि त्यांचा रंग लघवीत उतरलाय, गोचिडातनं येणाऱ्या बबेसिया नावाच्या परजीवीमुळं असं होतं. स्ट्रिप दोन्हीला 'ब्लड' म्हणूनच दाखवते, तिला फरक कळत नाही. मग रक्ताची ट्यूब बघायची : वरचा द्रव गुलाबी असेल तर हिमोग्लोबिन, स्वच्छ असेल तर स्नायूंचा रंग, उन्हात सशामागं फार पळालेल्या कुत्र्यात तसं होतं. कानाच्या कडेच्या रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं) सांगा.

पावसाळा आहे, उसात उंदीर आहेत, त्यामुळं लेप्टो (उंदरांच्या लघवीतनं पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) पण डोक्यात ठेवायला पाहिजे, त्यात डोळे पिवळे होतात आणि कधी रक्तातली शुगर नॉर्मल असताना लघवीत शुगर येते. लेप्टोचे जंतू साध्या मायक्रोस्कोपात दिसत नाहीत, पीसीआर लागतं, आणि रक्त-लघवी दोन्ही अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायच्या आधी घ्यायचं. हा रोग माणसाला होतो हो, हातमोजे घाला, गोठ्यातली लघवीची जागा अनवाणी तुडवू नका, पोरांना लांब ठेवा.

प्रश्न : रिपोर्टमध्ये 'स्ट्रुवाइट क्रिस्टल' आलेत, सॅम्पल रात्रभर फ्रीजमध्ये होतं. महागडं डाएट फूड चालू करू का? (टिळकवाडी)

आत्ता नको. स्ट्रुवाइट म्हणजे लघवीतल्या क्षारांचे बारीक स्फटिक, आणि गार झालेल्या लघवीत क्रिस्टल आपोआप बनतात, ताजं सॅम्पल देऊन बघा. ताज्यात पण असतील तर एक्स-रे आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची टेस्ट). कुत्र्यातला स्ट्रुवाइट खडा बहुतेक वेळा जंतूंमुळं होतो, अँटिबायोटिक आणि खास आहारानं विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, त्याला ऑपरेशन.

प्रश्न : पोटातनं सुई घालून लघवी काढतात म्हणे, त्रास होत नाही का? (चिकोडी)

रक्त काढण्याएवढाच. 22 नंबरची बारीक सुई, मूत्राशय भरलेलं पाहिजे, म्हणून दवाखान्यात येताना गेटपाशी खांबाला मुतवून आणू नका. कल्चर करायचं असेल तर हीच पद्धत, खाली धरलेल्या सॅम्पलमध्ये केसातले, कातडीवरचे जंतू मिसळतात. फक्त गोचीडतापानं प्लेटलेट उतरलेल्या कुत्र्यात ही सुई नको, आधी प्लेटलेट बघून घ्या.