निर्णय घेताना मोरल्स आणि एथिक्स यांत नेमका फरक काय?

मोरल्स म्हणजे तुमच्या मनाला पटलेलं बरं-वाईट. एथिक्स म्हणजे तुमच्या पेशाने किंवा संस्थेने घालून दिलेले आचरणाचे नियम, जे मनाला पटले नाहीत तरी पाळावे लागतात. वकिलाचं उदाहरण घ्या. आरोपीनेच खून केलाय असं वकिलाला आतून वाटतंय. मन म्हणतं, याला वाचवू नकोस. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सांगतो की एकदा बचाव हाती घेतला की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दलचं स्वतःचं मत बाजूला ठेवून तो लढवायचा. (खोटा पुरावा उभा करायची मुभा मात्र यात नाही, लोक इथेच गल्लत करतात.) कोइमतूरच्या वकील संघटनेने काही आरोपी पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव केला होता. त्या प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनेच्या आणि व्यावसायिक नीतीच्या विरुद्ध, म्हणून रद्दबातल ठरवले. मुंबईतही 2008 च्या हल्ल्यानंतर कसाबचं वकीलपत्र घेण्यावरून हाच पेच उभा राहिला होता.

मात्र हा फरक व्यवहारातला आहे, तत्त्वज्ञानात दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने येतात. मुळात प्राचीन रोममधल्या सिसेरो या विचारवंताने ग्रीक ‘एथिकोस’ला प्रतिशब्द म्हणूनच लॅटिनमध्ये ‘मोरालिस’ घडवला. त्यामुळे परीक्षेत लिहिणार असाल तर आधी तुमच्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या बघा.