हद्दीचं झाड: केंटकीच्या जमिनींविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: अब्राहम लिंकनच्या वडिलांनी गुलामगिरीमुळे अमेरिकेतलं केंटकी राज्य सोडलं, हे खरं का?

काही अंशी खरं. पण जमिनीच्या मालकीचा घोळ हे मुख्य कारण, असं लिंकननीच १८६० मध्ये लिहून ठेवलंय. वडील थॉमस लिंकन १८१६ मध्ये बिऱ्हाड घेऊन शेजारच्या इंडियानात गेले. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियात होतं आणि तिथल्या १७७९ च्या कायद्यानं अमुक इतक्या एकरांचा परवाना विकत मिळे. जागा आपण निवडायची, मोजणीही आपणच करून घ्यायची. मग एकाच रानावर तिघाचौघांचे दावे! केंटकीत वस्ती बसवणारा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून स्वतः मोजणी करणारा, पण त्याच्याही जमिनी गेल्या.

प्रश्न: मग हद्द ठरायची कशी?

चतुःसीमेत झाडं लिहीत. ओढ्याकाठचा ओक, तिथून मोजणीच्या इतक्या काठ्यांवर बीचचं झाड. खोडावर कुऱ्हाडीची खाच. वाद कोर्टात गेला की जुन्या शेजाऱ्याला त्या झाडापाशी नेऊन जबानी घेत. खाच सालीखाली बुजलेली असली तर खोडाचा तेवढा ठोकळा कापून काढत आणि खाचेवर चढलेली वलयं मोजत. जितकी वलयं, तितकी वर्षं. माणसाची आठवण झाडाशी अशी ताडून बघितलेली वाचली की मी आजही थबकतो. हद्दीचा साक्षीदार शेजारीच, म्हणून त्याच्याशी वैर धरणं तिथे कुणालाच परवडणारं नव्हतं.

प्रश्न: बांधावरून भांडणं होत असतील?

होत, पण जास्त डुकरांवरून. गुरं-डुकरं मोकाट सोडत. कुंपण पीकवाल्यानं घालायचं. ओळखीसाठी डुकराच्या कानाला खाच पाडत आणि तिची नोंद कोर्टात करत. घराचे ओंडके चढवायला मात्र सगळे शेजारी धावून येत, आपल्या इर्जिकीसारखे.

प्रश्न: मग शेजारच्या ओहायो राज्यात शेतं चौकोनी का?

तिथे १७८५ च्या कायद्यानं आधी सरकारी मोजणी, मग विक्री. सहा मैल चौरसाचे ३६ भाग, प्रत्येक ६४० एकरांचा, सोळावा शाळेसाठी. मोजणीची साखळी ६६ फुटी. आपल्या गुंठ्याची बाजू तिच्या बरोबर निम्मी, ३३ फूट.

प्रश्न: मुळात ही जमीन कुणाची होती?

केंटकी हे शॉनी या मूळ रहिवासी जमातीचं शिकारीचं रान. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅन्विक्स या किल्ल्यावर झालेल्या करारात इरोक्वॉय या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांनी तिच्यावरचा हक्क इंग्रजांना विकला. शॉनींची त्या करारावर सहीच नव्हती. हिस्सेदाराला न विचारता झालेलं खरेदीखत ते. पुढचे बरेचसे दस्त त्याच्यावर उभे राहिले.